नाव न पडलेला सिनेमा

जे मोजता येत नाही त्याची मी नोंद करत नाही. भूत, करणी, अंगात येणं या सगळ्याबद्दल माझं मत एवढंच होतं आणि बऱ्याच अंशी आजही आहे. नोकरीच तशी. तालुक्याच्या कार्यालयात पावसाच्या नोंदी ठेवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लोक म्हणायचे, काल ढगफुटी झाली. मी म्हणायचो, अठरा पूर्णांक दोन मिलिमीटर. या ग्रुपवरचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण वाचताना मनात चालूच असतं... इथे याची झोप झालेली नसावी, इथे ताप असावा, इथे वाऱ्याने दार वाजलं असावं. आपण स्वतः इथे काही लिहू असं कधी वाटलं नव्हतं.

लिहितोय ते वहिनींना विचारून. घरच्या माणसांची नावं बदलली आहेत. नट-नट्यांची आणि सिनेमांची नावं तर मुद्दामच देत नाही. इथे एकदा नाव दिलं की गोष्ट राहते बाजूला आणि खाली कमेंटमध्ये त्या नटाचीच चर्चा सुरू होते.

आम्ही कळंबचे. माझा मोठा भाऊ — दादा — माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. त्यामुळे भाऊ कमी आणि वडील जास्त. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी, मोजकं बोलणं, व्यसन काही नाही — सिनेमा सोडून. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी एसटीने यवतमाळला जाणार, पहिला खेळ पाहणार, परत येऊन मुकाट जेवणार. घरात सिनेमाचं साप्ताहिक यायचं, तेही तो जाहिरातींसकट वाचायचा. नायक-नायिका सगळ्यांनाच माहीत असतात. दादाला कोर्टातला शिरस्तेदार कोण झाला होता तेही माहीत असायचं.

तीन वर्षांपूर्वी त्याला विसरण्याचा आजार सुरू झाला. आधी किल्ल्या, मग घराकडे यायची गल्ली, मग मुलाचं नाव. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे थांबणार नाही. त्याला बोलतं ठेवा, एवढंच आपल्या हातात आहे. एका सकाळी मी त्याच्यासमोर चहा घेऊन बसलो होतो, तर त्याने अदबीने विचारलं, "तुम्ही तहसीलीतून आले का?" मी हो म्हणालो. ते खरंही होतं.

पण सिनेमे गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा कप्पा शेवटपर्यंत शाबूत राहतो.

माझी मुलगी नेहा पुण्याला नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये एक खेळ खेळतात, तो तिने दिवाळीत घरी आणला. आम्ही त्याला ‘साखळी’ म्हणायला लागलो. समोरच्याला दोन नावं द्यायची — समजा एक आजचा नट आणि एक पन्नास वर्षांपूर्वीची नटी. दोघांनी एकत्र काम केलेलं नाही. मग आजचा नट ज्याच्याबरोबर एखाद्या सिनेमात होता त्याचं नाव घ्यायचं, तो आणखी कोणाबरोबर होता त्याचं नाव घ्यायचं, असं करत करत त्या नटीपर्यंत पोचायचं. प्रत्येक सिनेमा म्हणजे एक कडी. ज्याच्या कड्या कमी तो जिंकला.

दादा हा खेळ पहिल्याच दिवशी शिकला. ज्याला सकाळी नाश्ता झाला की नाही हे आठवत नव्हतं, तो डोळे किलकिले करून तीन कड्यांत दोन टोकं जोडून द्यायचा. घरात पंचाचं काम अर्थातच माझ्याकडे. माझे नियम असे की सिनेमा प्रदर्शित झालेला हवा, दोघंही पडद्यावर दिसायला हवेत, आणि शंका आली तर मोबाईलवर तपासल्याशिवाय कडी धरायची नाही. नेहा म्हणायची, "बाबा, हा टाइमपास आहे, पंचनामा नाही." दादाची एकही कडी त्या सगळ्या दिवसांत खोटी निघाली नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही.

वहिनी मुकुटबनच्या. नाव वत्सला. आमच्याकडच्या त्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवराही बायकोचं नाव घेत नाही हे कोणी फारसं बोलत नाही. दादाने लग्नानंतर वहिनींना नावाने हाक मारलेली मी एकदाही ऐकली नाही. "ऐकलं का", "अवो", मुलगा झाल्यावर "प्रशांतची माय". यात राग नव्हता की कमीपणा नव्हता. तशी पद्धतच होती आणि कोणाचं काही अडतही नव्हतं.

आजार आल्यावर मात्र अडलं. आम्ही बाकीचे एकेक करून दादाच्या आठवणीतून उतरलो ते आम्हाला कळलं, कारण त्याने आमची नावं घेणं बंद केलं. माझं नाव ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा मी सांगू शकतो. पण वहिनींचं काय? जे नाव त्याने कधी घेतलंच नाही ते गेलं की राहिलं, हे समजायचं कसं?

त्यांनी हे मला एकदा विचारलंही. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, यायले मी कोन हाय थे मालूम हाय का नाई, हे कशावरून समजते?"

मी म्हणालो की दादालाच विचारून पाहावं. त्या म्हणाल्या, विचारलं. तर दादाने हात जोडले आणि म्हणाला, तुम्ही माझं फार करता, बाई. "इतक्या वर्षांत मले कधी तुमी म्हनलं नाई. आता म्हनून राह्यले." आणि हे सांगताना त्या हसल्याही.

त्यांना दुसरं काही नको होतं. औषधाने फरक पडेल अशी आशा त्यांनी कधीच सोडली होती. फक्त तो जाण्याआधी एकदा, कसंही, कळावं की हाताशी जी बाई वावरते ती कोण आहे हे त्याला ठाऊक आहे. एवढंच.

त्याच हिवाळ्यात, नेहा सुट्टीवर होती म्हणून, आम्ही शेतात रोडग्यांची पार्टी केली. शेत राळेगाव रस्त्याला, कळंबपासून चार किलोमीटर. रविवार, दुपारी बाराच्या पुढची वेळ, स्वच्छ ऊन. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा गोष्टी अंधारातच घडतात असा समज आहे. माणसं सहा — दादा, वहिनी, मी, माझी बायको, नेहा आणि घाटंजीहून आलेला माझा साळा गजू. मद्य वगैरे आमच्याकडे चालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — रोडगे म्हणजे कणकेचे पदर लावलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, वरून तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. भाजायला वेळ लागतो आणि मधेच उकरले तर कच्चे राहतात, त्यामुळे तेवढा वेळ काहीतरी करत बसावं लागतं. नेहाने साखळी काढली.

गजू स्वतःला सिनेमातला जाणकार समजतो. दादाशी खेळून तो चार वेळा हरला आणि चारही वेळा माझ्याकडे अपील केलं. मी मोबाईलवर तपासून चारही अपिलं फेटाळली. माझी बायको म्हणाली, याच्यापुढे सख्ख्या साळ्याचीही डाळ शिजत नाही, आणि निखाऱ्यातले रोडगे किती आहेत हेही याला विचारा, मोजलेले असतील. मोजलेले होतेच. बावीस.

दादा मजेत होता. बाजेवर उन्हाकडे पाठ करून बसला होता. वहिनी त्याच्या पायाशी बसून वांगी चिरत होत्या. त्यांना सिनेमातलं काही कळत नसे. आम्ही खेळायचो तेव्हा त्या कामच करत असायच्या.

मग नेहाला गंमत सुचली. तिने गजूचा एक आवडता नट घेतला, डाकूच्या भूमिका करायचा तो, आणि वहिनींकडे बोट दाखवून म्हणाली, "मोठे बाबा, आता कठीण देते. या नटापासून... हिच्यापर्यंत."

सगळे हसले. वहिनीही हसल्या, म्हणाल्या, "काय पोट्टी हाय वो."

दादा हसला नाही. त्याने वहिनींकडे पाहिलं. आजारी माणूस आरपार पाहतो तसं नाही. वजनकाट्यावर गाडी उभी राहिली की तो जसा काट्याकडे पाहायचा, तसं. मग सावकाश साखळी सुरू केली. डाकूवाल्या नटाबरोबर एक जाडा चरित्र अभिनेता होता, एका कोर्टाच्या सिनेमात. ती एक कडी. त्या जाड्या अभिनेत्याबरोबर घाऱ्या डोळ्यांची एक नायिका, पुराच्या सिनेमात. दोन. दोन्ही मी नंतर तपासल्या, दोन्ही बरोबर.

आणि मग तो म्हणाला, "आन् तिच्यासंगं केतकी. तीन. झालं."

गजू म्हणाला, "भाऊ, हे केतकी कोनत्या गल्लीतली हिरोईन आनली?"

दादाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो निखाऱ्याकडे पाहत सांगायला लागला. अगदी तो सिनेमाची गोष्ट सांगायचा त्या आवाजात. जमेल तसं त्याच्याच शब्दांत लिहितो.

"कापसाचं वावर होतं. हिरोईन गानं म्हनते, मागं बाया कापूस वेचते. त्यात हे एक पोरगी, निळं परकर-पोलकं. सायबानं सांगतलं होतं का कोनी कॅमेऱ्याकडे पाहू नका. हिनं पायलं. तं मंग काढून देल्लं तिले. बाभळीखाली बसली रडत. थे घाऱ्या डोळ्याची मधातून उठून आली, तिच्याजवळ बसली. अर्धं संत्र देल्लं. नाव इचारलं, तं म्हने केतकी. थे गेल्यावर पोरीनं संत्र्याच्या बिया परकराच्या ओच्यात बांधल्या. घरी लावाले."

नेहा मोबाईल काढत होती. "पण सिनेमा कोणता, मोठे बाबा?"

"त्याले नाव नाई पडलं."

"असं कसं?"

"पडद्यावर आलाच नाई थो."

मी पंच. मी म्हणालो, मग ही कडी धरता येत नाही. सिनेमा प्रदर्शित झालेला हवा. गजूने टाळ्या वाजवल्या, दादा हरला म्हणून. आम्हाला वाटलं, आता हा कप्पाही जायला लागला. नेहाने माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल खाली ठेवला.

वांगी चिरण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. वहिनींनी विळी बाजूला सारली होती. त्या दादाकडे पाहत होत्या आणि त्यांचा तसा चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"थे पोरगी कुठी हाय आता?"

"लगन झालं तिचं," दादा म्हणाला. "चांगलं घर भेटलं म्हनते."

"कोनाशी झालं?"

दादाने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या. मग ओशाळून म्हणाला, "थे काई मालूम नाई, बाई. तुमाले मालूम असन तं सांगा."

वहिनी म्हणाल्या, "नाई. मलेबी नाई मालूम." आणि विळी पुढे ओढून वांगी चिरायला घेतली.

रोडगे छान झाले होते. दादाने दोन खाल्ले.

जेवणं झाल्यावर मी भांडी घेऊन मोटारपंपाच्या हौदाकडे गेलो, तर वहिनी मागून आल्या. राख लावून परात घासता घासता त्यांनी जे सांगितलं ते तोवर त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या चौदा वर्षांच्या असताना मुकुटबनजवळच्या एका शेतात दोन-तीन दिवस सिनेमाचं शूटिंग झालं होतं. कापूस वेचणीचे दिवस. वडिलांनी घरात बजावलं होतं की तिकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन. त्या मावशीच्या वावरात वेचायला जाते असं सांगून तिकडे गेल्या. बायका कमी पडत होत्या म्हणून त्यांनाही रांगेत उभं केलं. कॅमेऱ्याकडे पाहिल्यामुळे हाकलून दिलं. बाभळीखाली बसून रडल्या. नायिका आली, अर्धं संत्रं दिलं, हिंदीत नाव विचारलं. खरं नाव सांगितलं आणि ते वडिलांच्या कानावर गेलं तर? म्हणून जे सुचलं ते सांगितलं. गावात नव्या आलेल्या मास्तरणीच्या मुलीचं नाव केतकी होतं. तेच.

"बिया उगवल्या नाई," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, हे दादाला कधी सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, यात सांगण्यासारखं काय होतं, कॅमेऱ्याने हाकलून दिलेली पोरगी. आणि नवऱ्याला सिनेमाचं इतकं वेड, तो हसला असता. पुढे पुढे तर त्या स्वतःही विसरल्यासारख्याच झाल्या होत्या.

मग मी तो प्रश्न विचारला जो कोणीही विचारला असता. त्याने एवढं सगळं सांगितलं, तर तुम्ही ‘ती मीच’ असं का नाही म्हणालात?

वहिनींनी परात पालथी घातली. म्हणाल्या, "थे तिच्याबद्दल इतके खुशीत बोलून राह्यले होते, भाऊजी. मधात मी कायले येऊ?"

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी पुढचे काही महिने काय केलं ते सांगतो.

पहिली शक्यता — दादा स्वतः त्या शूटिंगला हजर होता. मी मुकुटबनला जाऊन वहिनींच्या मोठ्या बहिणीला भेटलो. शूटिंग झालं होतं हे त्यांना आठवत होतं. वत्सला तिथे गेली होती हे त्यांना माझ्याकडूनच कळलं आणि त्या अजूनही थोड्या रागावल्या. त्यांचं स्वतःचं लग्न लगेच पुढच्या चैत्रात झालं, म्हणून साल पक्कं ठरलं. त्या हिवाळ्यात दादा घरी अंथरुणावर होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवरून पडून पाय मोडला होता. मी पाच वर्षांचा होतो आणि त्याच्या प्लास्टरवर मी कोळशाने बैल काढला होता. ते मला नक्की आठवतं, कारण मार पडला होता. कळंबहून मुकुटबन त्या काळी गाड्या बदलत दिवसभराचा प्रवास. मोडक्या पायाचा माणूस तिथे जाणं अशक्य. वहिनींशी लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं.

दुसरी शक्यता — दादाने तो सिनेमा पाहिला असेल. तो पूर्ण झालाच नाही. पैसे संपले असं गावात म्हणतात. लोकांनी काही वर्षं वाट पाहिली आणि सोडून दिलं. कोणत्याही यादीत, कुठल्याही साईटवर त्याचा पत्ता नाही. नाव काय होतं हे गावात एकालाही सांगता आलं नाही.

तिसरी मला सर्वात जवळची वाटली होती. त्या नायिकेने नंतर एखाद्या मुलाखतीत हा किस्सा सांगितला असेल आणि दादाने तो साप्ताहिकात वाचला असेल. मी एका संग्राहकाकडे बसून जुने अंक चाळले. सापडलं नाही. सगळे अंक त्याच्याकडेही नव्हते, त्यामुळे ही शक्यता मी शून्य धरत नाही. पण तिथेही दोन गोष्टी अडतात. संत्र्याच्या बिया वहिनींनी ओच्यात बांधल्या तेव्हा नायिका उठून गेलेली होती. ते पाहायला तिथे कोणीच नव्हतं. आणि समजा वाचलं, तरी ती केतकी म्हणजे नेहाने जिच्याकडे बोट दाखवलं ती बाई, हे त्याला कोणत्या मुलाखतीतून कळणार? ती नायिका जाऊन तर फार वर्षं झाली.

चौथी — वहिनी झोपेत किंवा तापात बोलल्या असतील. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असतील. हे मी खोडू शकत नाही. पण झोपेत बोललेलं कोणी निळ्या परकर-पोलक्यासकट, क्रमाने, सिनेमा पाहिल्यासारखं सांगू शकेल असं मला वाटत नाही.

त्या रविवारनंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. नेहाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तीच दोन टोकं दिली, तसंच बोट दाखवलं. दादा कोर्टाच्या सिनेमापर्यंत आला, पुराच्या सिनेमापर्यंत आला आणि थांबला. आम्ही वाट पाहिली. तो इतकंच म्हणाला, खेळ झाला.

वहिनींनी मात्र सोडलं नाही. ज्यांना सिनेमातलं काही कळत नव्हतं त्या घाऱ्या डोळ्यांच्या नायिकेचं नाव पाठ करून बसल्या. दुपारी दादाला भरवून झालं की त्याचं तोंड पुसायच्या आणि विचारायच्या, हिच्यापासून पुढे कोण? मी जेवायला घरी आलो की भिंतीपलीकडून ऐकू यायचं. दादा कधी एखाद्या नटाचं नाव सांगायचा, बरोबर असायचं ते. त्या म्हणायच्या, तो नाही, दुसरं कोणी? बहुतेक वेळा त्याचं उत्तर एकच, "पुढं कोनी नाई, बाई." पुढे पुढे नटांची नावंही गेली. शेवटच्या दिवसांत तो नुसता त्यांच्या हाताकडे पाहत राहायचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो गेला.

आता यावर काही जण लिहितील की आत्म्याला सगळं दिसतं, काही लिहितील की मेंदूत कुठेतरी साठलेलं असतं. मी दोन्ही वाचीन. पण माझ्याकडच्या चार शक्यतांपैकी एकही पुरी पडत नाही आणि पाचवी मला सुचलेली नाही. त्याने पाहिलेलं नव्हतं, त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, ज्यात ते दिसलं असतं असा सिनेमा अस्तित्वात नव्हता. तरी त्याला ते माहीत होतं. एवढीच नोंद करून मी थांबतो.

वहिनींना या शोधात काही रस नाही. मी मुकुटबनहून परत आलो, साल कसं जुळवलं ते सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते तुम्ही शोधा. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. दादा गेल्यापासून त्यांनी तो मला दोनदा विचारलाय. परवा मी हे सगळं लिहू का म्हणून विचारायला गेलो तेव्हा तिसऱ्यांदा. त्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"भाऊजी, त्या दिवशी मी सांगतलं असतं का मीच थे, तं त्यायनं मानलं असतं का?"

मी खाली पायरीवर बसलो. तांदूळ निवडून होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर खडे वेचत होतो.